रेजिनाच्या लग्नाची हरकत

"आजी, हात सोड ना. दुखतोय," मी कुजबुजले.

सोडते कसली! उलट आणखी आवळला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या बोटांत एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. वेदीपाशी फादर चष्मा सावरत कागद वाचत होते, "आपल्या धर्मग्रामातील कुमारी लविना रुमाव आणि शेजारच्या धर्मग्रामातील कुमार ऑल्विन कोरिया. ही पहिली पुकार. यांच्या विवाहास कोणाला काही हरकत माहीत असेल, तर त्यांनी ती धर्मगुरूंना कळवावी."

आमच्या वसईकडे ख्रिस्ती घरात लग्न ठरलं की असं तीन रविवार देवळात पुकारतात. कुणाचं आधी लग्न झालेलं असेल, कुणी कुणाच्या रक्ताचं निघत असेल, तर ते वेळीच कळावं म्हणून. हरकत बहुधा कुणी घेत नाही. लोक तेवढ्यात जांभया देऊन घेतात. आजी मात्र त्या दिवशी अशी ताठ बसली होती, जणू तिचंच नाव पुकारलं होतं.

मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, सुटल्यावर ती म्हणाली, "जसिंता, मला फादरांच्या ऑफिसपाशी ने."

"कशाला?"

"ने म्हटलं की न्यायचं."

ऑफिसबाहेर एक लाकडी बाक होता. पुकार झाल्या झाल्या त्या बाकावर जाऊन बसायचं म्हणजे हरकत घ्यायची, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आजी बसली. लाल लुगडं, वरून देवळात जायची पांढरी ओढणी, हातात जपमाळ. देवळातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे बघायचा आणि मग मान वळवून सांतान मास्तरांकडे. सांतान मास्तर म्हणजे लविनाचे आजोबा. एकाहत्तर वर्षांचा, कडक इस्त्रीतला, अर्ध्या गावाला पाढे शिकवलेला माणूस. तो पायरीवर होता तिथेच थिजला.

फादर आले. "काय पास्कोलबाय, काही काम होतं?"

"काही नाही फादर. गुडघे बोलतात. जरा टेकले."

"बसा, बसा," म्हणून फादर आत गेले. आजी आणखी पंधरा मिनिटं बसली आणि उठली. मला वाटलं, म्हातारीचा ऐनवेळी धीर सुटला. कसलं काय! मलाच तेव्हा अक्कल नव्हती.

माझी आजी किती भाविक, हे सांगायला लागले तर दिवस मावळेल. सात बाळंतपणं, त्यातली तीन पोरं तिनं स्वतःच्या हातांनी शवपेटीत ठेवली. तरी पहाटेची मिस्सा चुकली नाही. दिवेलागणीला रोजरीची जपमाळ सुरू झाली की आमच्या घरात भांडणसुद्धा मध्येच थांबायचं. पण 'हे आमच्या बापा' म्हणताना, 'आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' हे शब्द आले की आजी गप्प व्हायची. पुढचं वाक्य आलं की पुन्हा सूर धरायची. लहानपणी मला वाटायचं, तिला तिथे दम लागतो.

दम नव्हता, तो सांतान मास्तर होता.

अडतीस वर्षांपूर्वी माझ्या रेजिनाआत्याचं लग्न पेद्रू परेराशी ठरलं होतं. दोन पुकारी झाल्या, मांडवाचे बांबू आले, आणि तिसऱ्या पुकारीच्या आधी परेरांनी लग्न मोडलं. त्यांना गोरी सून हवी होती, असं आमच्या घरात सांगत. सहा महिन्यांत पेद्रूचं लग्न सांतान मास्तरांच्या बहिणीशी लागलं, आणि ती खरोखरच लोण्यासारखी गोरी होती. हे सगळं मास्तरानं घडवून आणलं, एवढं आजी म्हणायची. कसं, ते विचारलं की उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची.

आत्या पुढे बिनलग्नाचीच राहिली. माझ्या आठवणीतली आत्या म्हणजे वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करणारी, कुणाच्याही लग्नात फोटो काढायची वेळ झाली की स्वयंपाकघरात काम निघणारी बाई. सत्तावन वर्षांची होती ती तेव्हा.

पहिल्या रविवारीच तिनं आजीला हटकलं होतं. "आये, कशाला बसलीस तिथे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्याच्यासाठीच बसले."

"माझं सगळं झालं-गेलं. मी विसरले. तू पण विसर."

"तू विसर. तुझं वय आहे विसरायचं," आजी म्हणाली, आणि माशाचं कालवण पुढे ओढलं.

दुसऱ्या रविवारी दुसरी पुकार. आजी पुन्हा बाकावर, पुन्हा गुडघे, पुन्हा पंधरा मिनिटं. या वेळी मात्र गावात धुरळा उडाला. पास्कोलबायला काहीतरी ठाऊक आहे! मुलगा आधीचा लग्नाचा आहे, मुलगीच तशी आहे, दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी आहेत. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. सोमवारी मास्तरांच्या बायकोनं अंडी पाठवली. आजीनं परत पाठवली. मंगळवारी मास्तरांचा मुलगा आला, "आजी, काही चुकलं असेल तर सांगा." आजीनं त्याला चहा पाजला, बायको-पोरांची चौकशी केली आणि वाटेला लावला. बुधवारी कोरियांकडून निरोप गेला म्हणे, की तिसरी पुकार होईपर्यंत आम्ही खरेदी थांबवतो.

गुरुवारी लविना मला विहिरीपाशी गाठून रडली. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो.

"जसिंता, तुझ्या आजीला माझं काय माहीत आहे गं? निदान मला तरी सांग. ऑल्विन फोन उचलत नाहीये."

 घरी आले ती थेट आजीपुढे उभी राहिले. "त्या पोरीनं तुझं काय वाकडं केलंय? आज्याचं पाप नातीच्या डोक्यावर?"

आजी लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "रडली?"

"ढसाढसा."

"माझी पण रडली होती. ह्याच ओटीवर. तेव्हा तिच्या आज्याच्या घरी लाडू वळत होते."

"तू दर महिन्याला कबुलीजबाबाला जातेस ना गं? फादरांना काय सांगतेस?"

"सांगते, फादर, एका माणसाचा राग येतो. ते म्हणतात, क्षमा कर. मी म्हणते, बघते." तिनं लसणीची पाकळी नखानं टचकन तोडली. "पाच फादर बदलले. अजून बघतेच आहे."

"पण तुला माहीत तरी काय आहे लविनाचं?"

"तुला काय करायचंय? मसाला वाट."

शनिवारी दुपारी मास्तर स्वतः आले. आत्या देवळात कापडं घेऊन गेली होती. घरात आजी आणि मी. माणूस आठ दिवसांत निम्मा झाला होता, इस्त्रीचा पत्ता नव्हता. आजीनं त्यांना बस म्हटलं नाही. ते अंगणात उभे, ही ओटीवर बसलेली.

"पास्कोलबाय, उद्या तिसरी पुकार आहे."

"माहीत आहे. मला दिवस मोजता येतात. तुझ्याकडे शिकले नसले तरी."

"तुम्ही... फादरांना काय सांगणार आहात?"

आजीनं जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला.

"तो तिच्या नर्सिंग शिकतानाचा मुलगा असेल तर ते केव्हाच संपलंय! चार पत्रं, बस. मी स्वतः जाळली ती."

आजीनं दुसरा मणी सरकवला.

"की तिच्या आईकडचं काही? तिच्या मामाला फिट्स यायच्या, पण ते ताप डोक्यात गेल्यामुळे. कोरियांना आम्ही सांगणार होतो. लग्न झाल्यावर सांगणार होतो."

खाई त्याला खवखवे. मास्तर एकेक करून घरातलं सगळं अंगणात आणून टाकत होते. आणि मी आजीच्या तोंडाकडे बघत होते, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हिला काहीही माहीत नव्हतं! दोन रविवार ती नुसती गुडघ्यांना आराम द्यायला बसली होती, आणि एका शब्दानं खोटं बोलली नव्हती. तिनं फक्त बाक निवडला होता. आता मात्र तिच्या ओंजळीत मास्तरानंच दारूगोळा ओतून दिला होता.

"झालं सांगून?" आजीनं विचारलं.

"पास्कोलबाय, पाया पडतो. पोरीचं लग्न मोडू नका. कोरिया फिरले तर तिच्याकडे पुन्हा कुणी बघणार नाही."

"हे तुला तेव्हा कळलं होतं का रे?"

मास्तर स्वतःच्या चपलांकडे बघू लागले.

"बोल ना! तेव्हा तेहतीस वर्षांचा होतास, शाळेत पोरांना 'खोटं बोलू नये' म्हणून फळ्यावर लिहून द्यायचास. तुला कळलं होतं की नाही, की माझ्या पोरीकडे पुन्हा कुणी बघणार नाही?"

"कळलं होतं," मास्तर म्हणाले. आवाज असा, की मलाच ऐकवेना. "मला बहीण उजवायची होती. चूक झाली."

"चूक पाढ्यात होते. तू ठरवून केलंस." आजी पुढे वाकली. "उद्या मोठी मिस्सा सुटली की देवळाच्या पायरीवर उभा राहशील. फादरांच्या कानात त्या दिवशी जे बोललास, तेच शब्द, जसेच्या तसे, सगळ्यांदेखत बोलशील. आणि मग सांगशील, की ते खोटं होतं. बोललास तर मी सरळ घरी जाईन. नाही बोललास, तर उद्या मी बाकावर बसणार नाही. आत जाईन."

"पास्कोलबाय, ते शब्द... तुमचीच बदनामी होईल. कुणाला माहीत नाही ते. मेलेलं मढं उकरून काय मिळणार तुम्हाला?"

"ते मेलेलं नाही. अडतीस वर्षं माझ्या उशाला झोपतंय. निघ आता."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आजी मात्र घोरत होती.

रविवारी तिसरी पुकार झाली. फादर 'कोणाला काही हरकत' म्हणाले तेव्हा एकाही माणसानं जांभई दिली नाही. मिस्सा सुटली. कधी नव्हे ते लोक घरी जायचं नाव घेईनात. लविना आईच्या आड उभी, ऑल्विनचे वडील हाताची घडी घालून, आत्या गायक मंडळींबरोबर दारात. आजी माझ्या खांद्यावर हात ठेवून पायरीच्या खाली थांबली.

मास्तर वरच्या पायरीवर आले. दोनदा घसा खाकरला.

"अडतीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "रेजिना तुस्कानो आणि पेद्रू परेरा यांच्या लग्नाला मी हरकत घेतली होती."

"ऐकू येत नाही," आजी खालून म्हणाली. "मोठ्यानं. वर्गात बोलायचास तसं."

मास्तरांनी डोळे मिटले. "मी तेव्हाच्या फादरांना सांगितलं, की पेद्रूचे वडील बावतीस परेरा सुकेळी विकत घ्यायच्या निमित्तानं पास्कोलबायकडे वर्षानुवर्षं येतात. आणि रेजिना ही त्यांच्या नवऱ्याची, इंत्रू तुस्कानोची नव्हे, बावतीसची मुलगी आहे. पेद्रू आणि ती एका बापाची पोरं. म्हणून लग्न होऊ शकत नाही."

सगळ्या माना आजीकडे वळल्या.

"ते खोटं होतं," मास्तर म्हणाले. "माझ्या बहिणीला ते स्थळ मिळावं म्हणून मी बनवून सांगितलं. पास्कोलबाय निष्कलंक आहेत. देवाची शपथ." आणि ते मटकन खाली बसले.

 एवढी वर्षं मी समजत होते, हा सूड आत्याच्या लग्नाचा आहे. होता तो आजीच्या स्वतःच्या अब्रूचा! आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा असा अभिमान वाटला, की टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"जा," आजी मास्तरांना म्हणाली. "नातीचं लग्न थाटात कर. मला बोलाव, मी येईन." ऑल्विनच्या वडिलांकडे वळून म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो. डोळे मिटून करा." आणि वळली. माझा खांदा तिनं धरलाच नाही. देवळापासून घरापर्यंत बाई एकटी, ताठ चालत गेली. वाटेत दोघी-तिघींनी तिचे हात धरले, डोळे पुसले. तिनं सगळ्यांचं हसून घेतलं.

आत्या आमच्या मागून आली. घरात शिरल्यावर तिनं ओढणी काढली, घडी केली, पेटीवर ठेवली. मग विचारलं, "आये, तुला हे माहीत होतं?"

"काय?"

"तो काय बोलला होता ते. पहिल्यापासून माहीत होतं?"

"फादरांनी तुझ्या बापाला बोलावून, सांतान असं म्हणतो, खरं का, म्हणून विचारलं. बापानं घरी येऊन मला विचारलं." आजीचा आवाज पहिल्यांदा हलला. "विचारलं, रेजिना. एकवीस वर्षं संसार केलेल्या बाईला विचारलं. मी नाही म्हटलं. तो 'बरं' म्हणाला, आणि मरेपर्यंत माझ्या हातचं जेवला नाही. स्वतःची भाकरी स्वतः थापायचा. लोक म्हणायचे, काय गुणी नवरा आहे!"

"आणि मला काय सांगितलंस?"

आजी ओढणीची गाठ सोडू लागली.

"मी सांगते, काय सांगितलंस. मी ह्याच ओटीवर रडत होते. विचारत होते, आये, माझं काय चुकलं? तू म्हणालीस, परेरांना तू काळी वाटलीस. त्यांना गोरी हवी होती."

"मग काय सांगणार होते? एकोणीस वर्षांच्या पोरीला? सांगितलं असतं, तर तू पण माझ्याकडे तुझ्या बापासारखं बघितलं असतंस."

"नसतं बघितलं."

"बघितलं असतंस. एकदा तरी. मला ते एकदाही नको होतं."

आत्या आवाज न चढवता बोलत होती. त्याचीच मला भीती वाटत होती.

"त्यानंतर दोन स्थळं आली. आठवतं? मीच नको म्हटलं. आणखी कुणाला काळी वाटायचं नव्हतं मला. अडतीस वर्षं मी आरशात बघून कारण शोधत राहिले, आणि कारण तुझ्याकडे होतं. तुझं नाव आज धुऊन निघालं. माझी वर्षं मी कुणाला पायरीवर उभं करून मागू?"

आजीनं जपमाळ हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. 

आत्या आत गेली. जरा वेळानं ताटं वाढल्याचा आवाज आला. मग आतून हाक आली, "पास्कोलबाय, जेवायला वाढलंय. या."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. संध्याकाळपर्यंत निवळेल.

आजी त्यानंतर नऊ वर्षं जगली. एक्याण्णव वर्षांचं आयुष्य, अकरा नातवंडं, चार पणतवंडं. गावात तिला पूर्वीपेक्षा दुप्पट मान. लविनाच्या लग्नात तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. आत्यानं तिची सेवा केली ती कुणी सून काय करील! आंघोळ, औषधं, वेणी, धरून धरून पहाटेच्या मिस्सेला नेणं. एका दिवसाचा खंड नाही, एक उलटा शब्द नाही. फक्त 'आये' म्हणून हाक पुन्हा मारली नाही. पास्कोलबाय, गोळी घ्या. पास्कोलबाय, पाय जपून टाका. आल्या-गेल्यासमोरही तसंच, आणि घरात दोघीच असल्या तरी तसंच. सुरुवातीला आजी हसण्यावारी न्यायची. मग चिडायची. मग तिनं चिडायचंही सोडलं.

शेवटच्या दिवशी फादर अंत्यसमयीचं पवित्र तेल लावून, प्रार्थना म्हणून गेले. खोलीत मेणबत्ती, आम्ही दोघी-तिघी गुडघ्यांवर. आजीनं डोळे उघडले आणि आत्याला जवळ बोलावलं. मी अगदी शेजारी होते, मला नीट ऐकू आलं.

"रेजिना, एकदा आये म्हण गं."

आत्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, मानेखाली हात घातला, हळूच उचललं. वाटीतला चमचा तिच्या ओठांशी नेला.

"पास्कोलबाय," ती मायेनं म्हणाली, "पाणी घ्या."

आजी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं ओठ उघडले आणि पाणी घेतलं.